पिवळं अस्तर

कटर मास्तर भित्रा आहे, हे कारखान्यात कुणी कुणाला सांगत नसे, कारण सगळ्यांना ते माहीत होतं. आणि तो भित्रा होता म्हणूनच बावीस वर्षांत त्याच्या हातून एक थान वाया गेलं नव्हतं, हेही माहीत होतं. लांबलचक टेबलावर कापडाचे शंभर थर एकावर एक अंथरलेले, वर कागदाचा नमुना, आणि उजव्या हातात गुरगुरणारं यंत्र. पातं सूतभर सरकलं की शंभर शर्टांच्या बाह्या एकदम लंगड्या. शिलाईवाल्यांचं बरं असतं, चुकलं तर उसवता येतं. कापलेलं कुठे परत जोडणार? म्हणून मास्तर तीनदा मापायचा, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा चढवायचा आणि बटण दाबताना खालचा ओठ दाताखाली धरायचा.

"मास्तर, एवढं तर लोक लग्नाला घाबरत नाहीत," इस्त्रीवाला म्हणायचा.

"घाबरायला पाहिजे होतं," मास्तर म्हणायचा. "तुझ्याकडे बघून पटतं."

तो कापायचा फक्त मुलग्यांचे कपडे, वय वर्षं चार ते दहा. रंग तीन: राखाडी, गडद निळा, काळा. साहेबांना फारच उमाळा आला तर चिखलासारखा हिरवा. छातीवर कवटी, नाहीतर ट्रक, नाहीतर जबडा फाडलेलं एखादं जनावर. वरून मागणी तशीच यायची. मास्तरला त्यात काही खटकत नसे. राखाडी रंग मळ दाखवत नाही आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पोरगं चारचौघांत मिसळून जातं. आणखी काय पाहिजे?

त्याच्या बायकोला पुष्कळ काही पाहिजे होतं. ती त्याच कारखान्यात तिसऱ्या रांगेत शर्टांना खिसे लावायची. तिला सगळे खिसेवालीच म्हणत. दिवसभर राखाडी शर्टांना राखाडी खिसे लावून ती घरी यायची आणि सहा वर्षांच्या टिल्लूच्या अंगात पुन्हा तोच शर्ट बघायची.

मागच्या महिन्यात टिल्लूचे कपडे आखूड झाले म्हणून तिघं दुकानात गेले होते. मुलींच्या कपड्यांना तीन भिंती. लाल, आंबट हिरवा, निळ्याच्याच सात तऱ्हा. मुलग्यांच्या वाट्याला जिन्याखालची एक दांडी.

"काय हो हे?" खिसेवाली दांडीवरचे हँगर फराफरा सरकवत म्हणाली. "मुलगा झाला म्हणजे काय कोळशाच्या खाणीत जन्मला? हे बघा, काळा. हा कमी काळा. हा धुतलेला काळा. आणि ही कवटी. सहा वर्षांच्या पोराच्या छातीवर कवटी! याला काय विषाच्या बाटलीत भरून ठेवायचंय?"

"बाई, मुलांचं असंच येतं," दुकानदार म्हणाला.

"येतं काय, आमचेच हे कापून पाठवतात."

तेवढ्यात टिल्लू मुलींच्या भिंतीवरून एक शर्ट ओढून घेऊन आला. पिकल्या लिंबासारखा पिवळा. त्याने तो पोटाशी असा धरला होता, जसं कुणी मांजराचं पिल्लू धरावं.

"तो मुलींचा आहे," मास्तर म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

"बटणं डावीकडे आहेत बघ."

"बटणं मी फिरवून देते," खिसेवाली म्हणाली.

"आणि शाळेतली पोरं?"

"पोरं काय बटणं मोजत बसतात?"

मास्तरने शर्ट पोराच्या हातातून सोडवून परत भिंतीवर टांगला. त्याचे हात गार पडले होते. ते का, हे त्याने बायकोला लग्नानंतरच्या दहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

तो सात वर्षांचा असताना आईने ताईच्या जुन्या झग्यातून त्याला शर्ट बेतून दिला होता. नारिंगी, त्यावर पांढरी फुलं. तो हरखून शाळेत गेला. मधल्या सुट्टीत मोठ्या पोरांनी त्याला "फुलपाखरू, फुलपाखरू" करत मैदानभर पळवलं आणि खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. त्याला वाटलं, सुट्टी संपली की काढतील. कुणी काढलं नाही. शाळा सुटली, आवाज हळूहळू थांबले. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ जमिनीवरून भिंतीवर चढली, तेव्हा कुठे शिपायाने दार उघडलं. बाकी सगळं तो विसरला, ती रेघ विसरला नाही. त्यानंतर त्याने अंगाला रंग असा लावूनच घेतला नाही.

टिल्लूचं पिवळं दुकानातच राहिलं. पण खिसेवाली अशी ऐकणारी नव्हती.

कारखान्याची वर्षातली एक सहल असे, बायकापोरांसकट. यंदा तलावाकाठच्या मोठ्या बागेत जायचं ठरलं. त्याच सुमाराला एक अख्खी खेप परत आली. छातीवरच्या शार्क माशाचा जबडा वाकडा छापला गेला होता, म्हणून गिऱ्हाइकाने माल नाकारला. साहेबांनी मन मोठं केलं आणि कामगारांच्या प्रत्येक मुलाला एकेक शर्ट वाटला. राखाडी. सहलीला सगळ्या पोरांनी हेच घालून यायचं, फोटो चांगला येतो.

"वाकड्या तोंडाचा मासा," खिसेवाली शर्ट उलटसुलट करत म्हणाली. "साहेबांच्या मेहुण्यासारखा दिसतो." आणि दोन दिवसांनी तिने गुपचूप, शार्कच्या मागे, शर्टाच्या आतून, तळहाताएवढं पिवळं कापड चारी बाजूंनी शिवून टाकलं. बाहेरून राखाडी, आतून पिवळं. बापाचंही राहिलं, लेकाचंही राहिलं.

मास्तरला ते कळलं सहलीच्या सकाळी. टिल्लू शेजारच्या पोरासमोर शर्टाचं टोक गळ्यापर्यंत वर करून उभा होता. "बघ माझ्या माशाच्या पोटात काय आहे!" शेजारचं पोर हसलं. साधंच हसलं असेल. पण मास्तरला ते हसू ओळखीचं वाटलं. चाळीस पोरं असणार बागेत. हा प्रत्येकाला शर्ट वर करून दाखवणार. चाळिसांत एक तरी निघतोच कडी घालणारा.

टिल्लू अंघोळीला गेला, बायको डबे भरत होती. मास्तरने ब्लेडच्या टोकाने चारी बाजूंचे टाके पटपट उसवले आणि पिवळा तुकडा घडी करून स्वतःच्या खिशात कोंबला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने काही न मापता कापलं.

बसमध्ये बायका मागे बसल्या होत्या, गाणी चालली होती. टिल्लू बापाजवळ. अर्ध्या वाटेत त्याने शर्टात हात घातला. चाचपला. पुन्हा चाचपला.

"बाबा, माझं पिवळं नाहीये."

"असेल, नीट बघ."

"नाहीये. सकाळी होतं."

मास्तरच्या जिभेवर आलं ते त्याने बोलून टाकलं. "सुटून पडलं असेल इथेच बसमध्ये. शोधू नंतर. आणि आईला सांगू नकोस हं, तिने एवढं शिवलेलं, रागवेल."

पोरगं उतरेपर्यंत वाकून वाकून सीटखाली बघत राहिलं.

बागेत उतरल्यावर फोटो झाला, धावण्याच्या शर्यती झाल्या. जेवायच्या वेळी सगळे झाडाखाली बसले तेव्हा खिसेवालीने विचारलं, "टिल्लू कुठाय?"

"मला वाटलं तुझ्याकडे."

"मला वाटलं तुमच्याकडे."

एवढ्यावर कुणी घाबरत नाही. मास्तर घाबरला. तो उभा राहिला आणि त्याने समोरच्या हिरवळीवर नजर टाकली. राखाडी शर्ट घसरगुंडीवर होते, राखाडी शर्ट झोपाळ्यावर होते, राखाडी शर्ट चेंडूमागे धावत होते. सगळ्यांच्या छातीवर तोच वाकडा मासा. चोवीस छातीचे, सव्वीस छातीचे, सगळे त्यानेच कापलेले. त्याने एकाचा खांदा धरून वळवला. दुसराच चेहरा. पुढच्याला वळवलं. दुसराच. पाचव्या पोराने भोकाड पसरलं, तेव्हा इस्त्रीवाल्याने त्याचा हात धरला.

"मास्तर, दम खा. पहारेकऱ्याला सांगू, तो भोंग्यावरून पुकारेल."

पहारेकरी चौकीत जेवत होता. त्याने डबा बाजूला सारला. "काय घातलंय अंगात?"

"राखाडी शर्ट, शार्क मासा आहे."

पहारेकऱ्याने भोंग्यावरून पुकारलं. आणि मग बागेच्या चारी अंगांनी भली माणसं राखाडी शर्टातली पोरं हाताला धरून आणू लागली. एक आलं. दोन आली. एक आजोबा दोन्ही हातांना दोन घेऊन आले. अकरा पोरं चौकीसमोर उभी राहिली. दर वेळी लांबून राखाडी शर्ट दिसला की मास्तरचा जीव उडी मारून गळ्यात यायचा, आणि चेहरा दिसला की खाली कोसळायचा. अकरा वेळा.

"अहो, असं कसं चालेल?" पहारेकरी घाम पुसत म्हणाला. "वेगळी खूण सांगा."

"छाती चोवीस," मास्तर म्हणाला. "बाही सात. खांदा..."

"मला शर्ट शिवायचा नाही हो! पोरगं शोधायचंय."

मास्तरला दुसरी खूण सुचेना. पोराचं नाक कसं आहे, केस कुठे वळतात, सगळं डोळ्यांपुढून पुसून गेलं होतं. त्याला हवं होतं की आपला मुलगा कुणाच्या नजरेत येऊ नये. कुणाच्याच आला नव्हता.

तेवढ्यात तलावाच्या बाजूने आरडाओरडा झाला. कुणी नाव घेतलं नाही, काय झालं सांगितलं नाही, तरी सगळे तिकडे पळाले. होडीवाल्याने काठाजवळच्या शेवाळातून बांबूला अडकवून काहीतरी उचललं होतं. पाणी निथळणारा छोटा शर्ट. राखाडी. जबडा वाकडा.

खिसेवालीने शर्ट हिसकावून घेतला, उलटा केला, शार्कच्या मागची बाजू वर आणली. आणि एकदम तिचा श्वास सुटला.

"पिवळं नाही!" ती ओरडली. "बघा, आत पिवळं नाही. मी माझ्या हाताने शिवलं होतं. हा आपला नाही! आपल्या टिल्लूचा नाही!"

बायकांनी हुश्श केलं. कुणीतरी तिच्या पाठीवर हात फिरवला. होडीवाला बांबू काठाला टेकवून म्हणाला, "चला, मग कुणा पोराचा धुताना सुटला असेल, इथे रोजच सुटतात कपडे. वरच्या अंगाला बघा, कारंज्याकडे." पहारेकरीही वळला.

मास्तरने तो शर्ट हातात घेतला. अख्ख्या बागेत एकट्यालाच माहीत होतं की या शर्टात पिवळं नसण्याला काहीच अर्थ नाही. त्याने अंगठा फिरवला. जाड सुती कापडातून सुई गेली की भोक राहतं, उसवलं तरी राहतं. चौकोनभर भोकं लागायला हवीत. लागत नव्हती. पण भिजलं की धागा फुगतो आणि भोक बुजतं, हेही त्याला माहीत होतं. त्याने पुन्हा अंगठा फिरवला. तरी काही ठरेना.

होडीवाला निघाला होता. पाच पावलं गेला. सहा.

बोललो तर बायको उभ्या जन्मात तोंड बघणार नाही. नाही बोललो तर पाण्यात कुणी उतरणार नाही.

"थांबा!" मास्तर ओरडला. त्याचा आवाज चिरकला, पोरासारखा. "जाऊ नका. पाण्यात बघा. ते पिवळं मी काढलंय. सकाळी मीच उसवलं."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. त्याने खिशातून घडी काढून दाखवली, तेव्हा समजलं. होडीवाल्याने चपला फेकल्या आणि पाण्यात उडी घेतली. त्याच्या मागे दोघं उतरले.

खिसेवाली नवऱ्याकडे बघत होती. रडत नव्हती. लग्नापासून तिने त्याला अहोजाहोच केलं होतं. ती म्हणाली, "कधी उसवलंस?"

"तू डबे भरत होतीस तेव्हा."

"त्याला कळलं?"

"कळलं. बसमध्ये विचारत होता."

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, बसमध्येच पडलं असेल. म्हटलं, आईला सांगू नकोस..."

वाक्य तोंडातच राहिलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दोघं एकदम पळत सुटले. बायको पुढे, तो मागे, त्याच्या मागे इस्त्रीवाला. दोन वाजले होते. उतरून अर्धा दिवस झाला होता. पण शेवटची शर्यत? पोतं घालून धावायची? त्यात टिल्लू होता, दुसरा आला होता. म्हणजे तासाभरापूर्वी होता. उन्हात बंद बसमध्ये तास. पळता पळता मास्तर मापत होता. ते माप त्याच्या छातीत मावत नव्हतं.

बागेबाहेरच्या मैदानात चार बस ओळीने उभ्या. चारही पांढऱ्या, चारही बंद, काचांना आतूनच आरपार दिसणारा काळा कागद. ड्रायव्हर कुठे तरी जेवायला गेलेले. आपली कुठली? त्याला आठवेना. बायको पहिल्या बसचं दार बडवत होती. इस्त्रीवाला दुसरीच्या काचेला डोळा लावून बघत होता.

"टिल्लू! अरे टिल्लू!"

काही नाही. पत्रा हाताला भाजत होता. आणि मग मास्तरला ती सामानाची खोली आठवली. शिपायाने पहिली हाक मारली तेव्हा सात वर्षांच्या त्यानेही ओ दिली नव्हती. तो चटईच्या गुंडाळीमागे लपून बसला होता, कारण हाक कुणाची आहे आणि आता काय होणार, हे कळत नव्हतं. आत बसलेल्या पोराला वाटत असतं, आपलंच चुकलं.

त्याने तो पिवळा तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला. आणि चारही बसच्या पुढून, भर मैदानात, निशाण नाचवावं तसा नाचवत तो पळू लागला. "टिल्लू, सापडलं रे! पिवळं सापडलं! हे बघ बाबाकडे आहे!"

तिसऱ्या बसच्या मागच्या काचेवर काहीतरी आपटलं. हलकं. मग पुन्हा. काळ्या कागदामागे एक छोटा तळवा उमटला.

ड्रायव्हरला शोधायला इस्त्रीवाला पळाला. मास्तर थांबला नाही. जो माणूस जाळीचा मोजा घातल्याशिवाय बटण दाबत नसे, त्याने जमिनीवरचा दगड उचलला आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली. फुटक्या काचेतून हात घालून दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली.

टिल्लू शेवटच्या सीटवर होता. तोंड लालबुंद, केस डोक्याला चिकटलेले, ओठ कोरडे. ड्रायव्हर बस झाडत होता तेव्हा तो दारातून शिरला होता आणि सीटखाली वाकून शोधत राहिला होता. ड्रायव्हरने न बघता दार लावून घेतलं होतं. टिल्लू उठायला गेला आणि बापाच्या अंगावर कलंडला.

"मी सगळ्या सीटखाली बघितलं," तो म्हणाला. "आईला नाही सांगितलं."

झाडाखाली नेऊन त्याला पाणी पाजलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला. बागेतल्या दवाखान्याच्या खोलीतली बाई आली, तिने नाडी बघितली, पुन्हा अर्ध्या तासाने बघितली आणि म्हणाली, "नशीब समजा. आणखी थोडा वेळ गेला असता तर..." तळ्यातला तो शर्ट बॉयलरवाल्याच्या मुलाचा निघाला. सरबत सांडलं म्हणून काठावर धुवायला गेला आणि हातातून सुटला. आई मारेल म्हणून तो उघडाच झुडपामागे बसून राहिला होता.

परतीच्या बसमध्ये कुणी गात नव्हतं. टिल्लू खिडकीशी, मध्ये मास्तर, पलीकडे खिसेवाली. दुपारपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. निम्मी वाट सरली तेव्हा तिने पदराच्या टोकाला खोचलेली सुई काढली, पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं, सुई ओवली आणि त्याच्यासमोर धरली.

"शिवा."

"मला कुठे येतं?" मास्तर म्हणाला. "मी कटर आहे."

"उसवता येतं ना? मग शिवताही येईल."

त्याने सुई घेतली. डाव्या हाताला काचेने कापलं होतं, त्यावर रुमाल बांधलेला. खिशातून त्याने पिवळा तुकडा काढला. "आतून लावू?"

"मला काय विचारता? ज्याचा शर्ट त्याला विचारा."

टिल्लूने विचार केला. मग शार्कच्या वाकड्या जबड्यावरच बोट ठेवलं. "इथे. बाहेरून."

सोमवारी शाळा होती. मास्तरला शाळेचं फाटक दिसलं, मधली सुट्टी दिसली, सामानाच्या खोलीची कडी दिसली. त्याने खालचा ओठ दाताखाली धरला आणि पहिला टाका घातला.

शर्ट पोराच्या अंगातच होता. सुई त्याला टोचेल म्हणून मास्तरने डावा तळवा शर्टाच्या आत, कापड आणि छाती यांच्या मध्ये घातला. सुई दर टाक्याला रुमालातून त्याच्याच तळव्याला लागत होती. हाताच्या पाठीला पोराचं काळीज भराभर लागत होतं.

पुढच्या सीटवरून इस्त्रीवाला वळून बघत होता. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "टाके आहेत का मुंगळे चाललेत?"

मास्तरने पुढचा टाका घातला.

"बाबा, तुमचा हात हलतोय," टिल्लू म्हणाला.

"हलू दे. तू हलू नकोस."

एक बाजू झाली होती. तीन राहिल्या होत्या. खिसेवालीने खिडकीतून येणारं ऊन त्याच्या हातावर पडावं म्हणून पडदा थोडा बाजूला केला, आणि तो तसाच धरून ठेवला.